टोमॅटोच्या माळांमागची पट्टी

मी एक जुना, खिशात मावणारा कॅमेरा आहे. हसू नका, मित्रांनो. तुमच्या हातात फोन आले आणि तुम्हाला वाटायला लागलं, हा डबा आता कशाला हवा? पण मला निवडण्यासाठी एक बाई अख्खी सकाळ दुकानात उभी होती. तिने मला पारखून घेतलं. तुम्हाला तुमच्या आईबापांनी तरी पारखून घेतलंय का? आलात तसे ठेवून घेतलं.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात एकेक भिंग बसवलं, पुसलं, पुन्हा पुसलं. मग खोक्यात घालून जहाजावर चढवलं. डोळे उघडले ते अथेन्सच्या एका दुकानात, काचेच्या फळीवर. शेजारी लांब नाकाचे मोठे कॅमेरे बसले होते. येणारं गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे बघायचं. मी आपला गप्प असायचो. ज्याला गरज असेल तो येईल, एवढा ताठा माझ्यातही होता.

आली ती मार्केला. जहाजांच्या एका कचेरीत कारकून होती. सुट्टी मिळाली की कधी बस, कधी बोट पकडायची आणि जुनी घरं, मठ, दगडी पूल बघत एकटीच हिंडायची. खांदा दुखरा, म्हणून ओझं नको होतं.

"बाई, हा घ्या," दुकानदार म्हणाला. "तीसपट झूम. समोरच्या डोंगरावरची शेळी रवंथ करताना दिसेल."

"शेळ्या आमच्या गावात पुष्कळ आहेत. मला घरं काढायची आहेत."

"मग घरही जवळ येईल की!"

"जवळच आहे हो, तीच तर अडचण. आमच्या गल्ल्या सहा हात रुंद. समोरच्या भिंतीला पाठ लावली तरी अख्खं घर मावलं पाहिजे. तुमच्या या नाकवाल्यात दाराची कडी तेवढी येईल."

मग तिने एकेकाची परीक्षा घेतली. दुकानातल्या लांब फळीचा फोटो काढायचा आणि कडा बघायच्या. एकात फळी गरोदर बाईसारखी फुगली. दुसऱ्याने सरळ काढली, पण दिवे बंद करायला लावल्यावर त्याला काही दिसेना. देवळात फ्लॅश चालत नाही, तिथे हा आंधळा काय कामाचा? तिसरा तिच्या कोटाच्या खिशात जाईना. माझ्यात फळी सरळ आली, कोपरा न कोपरा मावला, अंधारातही खुर्चीचे पाय दिसले. तिने मला तळहातावर तोललं आणि म्हणाली, "हा."

दुकानदार पुटपुटला, "एवढा लहान?"

"नवरा थोडाच निवडतेय," ती म्हणाली.

मित्रांनो, त्यानंतरची नऊ वर्षं मी कामात काढली. घराचा फोटो कसा काढायचा ते आम्ही दोघं मिळून शिकलो. खाली उभं राहून कॅमेरा वर तिरपा केला की घर मागे पडायला आल्यासारखं दिसतं. म्हणून ती समोरच्या घराचं दार ठोठावायची, दोन गोड शब्द बोलायची आणि माडीच्या खिडकीतून मला सरळ धरायची. दगडावरचं कोरीवकाम असेल तर सकाळी लवकर, ऊन बाजूने येत असताना. डोक्यावरच्या उन्हात नक्षी सपाट होते. डोंगरातली दगडी छपरं, किनाऱ्यावरचे लाकडी सज्जे, ओस पडलेल्या गिरण्या, सगळं मी घेतलं. कचेरीतल्या बायका म्हणायच्या, "अगं, एवढ्याशा डबीतून?" मी मनात म्हणायचो, हो, एवढ्याशाच.

फक्त एक घर आम्ही काढलं नाही. तिचं स्वतःचं.

खिओस बेटावर पिर्गी नावाचं गाव आहे. तिथे घरांच्या भिंती वरपासून खालपर्यंत नक्षीने भरतात. काळ्या वाळूचा गिलावा करायचा, त्यावर चुन्याचा पांढरा हात मारायचा आणि तो ओला असतानाच जेवणाच्या काट्याने खरवडत जायचं. पांढरं निघालं की खालचं करडं दिसतं. त्रिकोण, चौकटी, चकत्या, एकाखाली एक पट्ट्या. मार्केलाच्या घराची भिंत तिच्या वडिलांनी, निकितास गवंड्याने, लग्नाच्या वर्षी स्वतः खरवडली होती. कागद नाही, माप नाही, डोळ्याच्या अंदाजाने. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. मार्केला ईस्टरला घरी जायची, सणाची लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून फोडणाऱ्या माणसांचा दारात एक फोटो काढायची, त्यात मागे कमरेएवढी भिंत यायची. बस. आपलं घर कुठे पळून जातंय?

मग एका पावसाळी हिवाळ्यानंतर ती भिंत फुगली. उन्हाळाभरात गिलावा पोकळ वाजायला लागला. पांदेलीस मेस्त्री बघून गेला आणि म्हणाला, सगळा उतरवावा लागेल, नाहीतर कोणाच्या तरी डोक्यात पडेल. नवा करून देईन. जुन्यासारखा हवा असेल तर फोटो द्या, फोटो नसेल तर माझ्या हाताला येईल ते करीन.

मार्केलाची आई आर्गिरो हे ऐकून ताडकन उठली म्हणे. "तुझ्या हाताला येईल ते तुझ्या सासऱ्याच्या घरावर कर. माझ्या भिंतीवर निकितासचाच हात दिसला पाहिजे. एक रेघ इकडची तिकडे नको." आणि तिने लेकीला फोन केला, "तुझा तो डबा घेऊन ये."

आम्ही सप्टेंबरच्या अखेरीला, शनिवारी गेलो. सोमवारी गिलावा फोडायचा होता. गल्लीत वळलो आणि मार्केला थबकली. घराच्या बाल्कनीखाली, दाराच्या वर, टोमॅटोच्या माळा टांगल्या होत्या. गावात त्या सगळ्याच घरांवर टांगतात, हिवाळ्याच्या बेगमीला. पण आर्गिरोने त्या दिवशी साठवणीतली एकही माळ आत ठेवली नव्हती. दाट, लाल, पडद्यासारख्या.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? घराचा फोटो निघणार आणि बाल्कनी बोडकी ठेवू? लोक म्हणतील, आर्गिरोकडे यंदा पिकलं नाही."

"अगं, भिंत दिसायला हवी. उतरव त्या."

"उतरवल्या की देठ तुटतात. देठ तुटला की नासला. मग हिवाळाभर तू अथेन्सहून पाठवणार का मला टोमॅटो?"

समोरच्या माडीवरून शेजारीण फोतिनी ओरडली, "राहू दे गं मार्केला, काय शोभा आलीय! कोपऱ्यात जरा रिकामं दिसतंय, माझ्या दोन माळा आणू का?" आणि आणल्याही बाईने.

मार्केलाने हिशेब केला. माळांमागे एकच पट्टी जात होती. बाकीची भिंत मोकळी होती. एवढी एक पट्टी आईला तोंडपाठ असणार. रविवारी सकाळी फोतिनीच्या खिडकीतून तिने मला सरळ धरलं. वरपासून खालपर्यंत एकेक हात भिंत मी घेतली. मला तोंड असतं तर मी बोललो असतो. मला फक्त डोळा आहे. समोर असेल ते घेतो. लाल असेल तर लाल.

सोमवारी माळा आत गेल्या, परातीत अलगद ठेवून. फोडणाऱ्या माणसांनी वरूनच सुरुवात केली आणि बाल्कनीवर उभं राहून हातोड्या घातल्या. खाली धुरळा, चादरी, आरडाओरड. माळांमागची पट्टी त्या गर्दीत कधी खाली आली, कोणीच बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत निकितासचं काम गल्लीत ढीग होऊन पडलं होतं.

बुधवारी पांदेलीसने नवा गिलावा भरला, चुना मारला आणि काटा घेऊन वरून खरवडत आला. मार्केला माझ्या पडद्यावर चित्र मोठं करून दाखवत होती. तो एकेक त्रिकोण तसाच उतरवत होता. आर्गिरो खाली कमरेवर हात ठेवून उभी. "ती चकती जरा बारीक होती. हां. आता बरोबर." दुपारपर्यंत तो बाल्कनीखाली पोचला.

"ही पट्टी मोठी करून दाखव," तो म्हणाला.

तिने बटण दाबलं. लाल. आणखी दाबलं. आणखी लाल. मी माझं काम इतकं चोख केलं होतं की एकेका टोमॅटोवर उन्हाचं टिंब दिसत होतं.

"मागे काय आहे?"

"आईला विचारा," मार्केला म्हणाली.

"हे काय विचारणं झालं?" आर्गिरो म्हणाली. "चंद्रकोरी. ओळीने चंद्रकोरी."

"चंद्रकोरी आमच्याकडे आहेत, आर्गिरो," फोतिनी खिडकीतून म्हणाली. "तुमच्याकडे पानं होती."

"पानं देवळावर आहेत. डोळे तपासून घे."

"बरं, चंद्रकोरी," पांदेलीस म्हणाला. "तोंडं कुठल्या बाजूला? वर की खाली?"

आर्गिरोने तोंड उघडलं. तिच्या तोंडाचा पट्टा थांबलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्रेचाळीस वर्षं ती त्या पट्टीखालून जात-येत होती. पाण्याच्या कळश्या घेऊन, मुलं घेऊन, एकदा नवऱ्याच्या शवपेटीमागून. बघितली मात्र कधीच नव्हती.

"काकू, चुना माझ्यासाठी थांबायचा नाही," पांदेलीस म्हणाला. "तासाभरात दगड होईल. चंद्रकोरी मारतो. झकास दिसतील. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"मग काय करू?"

तिने मान वर करून भिंतीकडे बघितलं. चुना ओला होता, चकाकत होता. मग ती म्हणाली, "काटा खाली ठेव. तेवढी पट्टी पांढरी राहू दे. खालचं पुढे कर."

"अख्ख्या गावात अशी भिंत नाही. लोक हसतील."

"दात आहेत, हसतील. निकितासने जे खरवडलं नाही, ते त्याच्या नावावर मी खपवणार नाही."

मार्केलाचे डोळे भरले. "चूक माझी, आई. मी माळा उतरवायलाच हव्या होत्या."

"उतरवल्या असत्यास तर मी तुला घरात घेतलं नसतं. ती चूक माझी. तू साऱ्या देशाची घरं काढलीस आणि आपलं मागे ठेवलंस, ती तुझी. चल, रडू नकोस, मेस्त्रीला पाणी दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्गिरो लेकीचा हात धरून गल्लीत निघाली. पहिलं दार फोतिनीचं. "उतरव माळा."

"अगं, देठ तुटतील!"

"तुटू देत. माझी भिंत बघ आणि शहाणी हो." फोतिनी उतरवेना, तेव्हा आर्गिरोने स्वतः स्टुलावर चढून एकेक माळ काढली आणि दोन्ही हातांवर घेऊन उन्हात उभी राहिली, मार्केलाचं काम होईपर्यंत. मग पुढचं दार. दोन दिवसांत एकवीस घरं झाली. शिव्या खाल्ल्या, घातल्या. मी एवढं मानाचं काम पुन्हा कधी केलं नाही. पुढे त्यातल्या तीन भिंती पडायला आल्या तेव्हा पांदेलीसने माझेच फोटो समोर ठेवून त्या तशाच्या तशा उभ्या केल्या.

नंतर माझे दिवस फिरले. समुद्रकाठची रेती भिंगाच्या नळीत शिरली, ती कोणी काढली नाही. बॅटरी आतल्या आत ठेवून मला खणात टाकलं, ती फुगली. आता माझं भिंग अर्धं बाहेर येतं आणि कुरकुरतं. राग नाही. पण एक सांगतो: यंत्र ठेवून द्यायचं तर बॅटरी काढून, पुसून, कोरडं ठेवा. एवढं तर मांजरही स्वतःचं करतं.

परदेशी पाहुणे गावात येतात. त्या पांढऱ्या पट्टीखाली उभे राहून विचारतात, ही काय नवी नक्षी? आर्गिरो त्यांना सांगते, "ती माझी चूक आहे. फोटो काढायचा तर सरळ उभं राहून काढा, वाकडा नको."

तर मित्रांनो, जगभर हिंडा, मनाजोगता कॅमेरा निवडा, चार दुकानं पालथी घाला. पण पहिला फोटो आपल्या दाराचा काढा, नटवण्याआधी, आहे तसा. आणि तो काढायला जाण्याआधी, बसल्या जागी डोळे मिटून मला एवढंच सांगा: तुमच्या दाराच्या वर काय आहे?