चाकाखालचं लिंबू

आमच्या अप्पांच्या लेखी जगात दोनच जाती आहेत, चालणारी आणि भंगार. पंखा, माणूस, सरकार, सासुरवाडीचे पाहुणे, सगळे या दोनांत बसतात. मी दहावीत गेल्यावर पॉलिटेक्निकचा विषय काढला तेव्हा मात्र त्यांनी माझ्यासाठी तिसरी जात काढली. पोरगी.

"मशीनचं काम पोरीचं न्हाय, सिद्धव्वा. अकरावीला आर्टला जा. कॉलेज घराजवळ हाय."

मीही काही कमी तोंडाळ नाही. म्हटलं, "आणि मी केलेली गाडी सगळ्यांसमोर चालली तर?"

"कुटं?"

"स्पर्धेत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आहे. इंजिनिअरिंग कॉलेजात."

अप्पांनी भाकरीचा घास संपवला. मग म्हणाले, "चालली तर डिप्लोमाच्या फॉर्मवर सही करतो. न्हाय चालली तर परत नाव काडायचं न्हाय." अप्पा शब्दाचे पक्के आहेत. या माणसात एवढा एक गुण जरा कमी असता तर बरं झालं असतं.

गाडी म्हणजे आमचा रोबो. मी आणि ऋतुजा, आम्ही दोघी शाळा सुरू झाल्यापासून त्याच्या मागे होतो. विज्ञानाच्या शिवयोगी सरांनी प्रयोगशाळेची किल्ली आमच्या हवाली केली होती. जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र. पोटाखालच्या सेन्सरनं काळी रेघ बघत पुढं जायचं, वळणं घ्यायची, चढ चढायचा आणि शेवटी चेंडू टोपलीत टाकायचा, एवढंच त्याला शिकायचं होतं. पण सुरुवातीला ते रेघ सोडून भिंतीच्या कडेकडेनं पळायचं, म्हणून ऋतुजानं त्याचं नाव झुरळ ठेवलं. गणपती गेल्यावर ते सुधारलं. रेघ म्हणजे रेघ. सर टाळ्या वाजवत म्हणाले, "आता ह्याला काही शिकवू नका गं, बिघडेल." आम्ही दोघी हसलो होतो.

अप्पांचं आता सांगते. अक्कलकोट रोडच्या एका गॅरेजात ते इंजिनमिस्त्री. होते, असं म्हणायला हवं. गेल्या उन्हाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. बारीक नट बोटांत राहीना. मालक चांगला माणूस, त्यानं पगार कापला नाही, वाकडं बोलला नाही, फक्त इंजिनवरून उठवून पार्ट धुवायला बसवलं. ज्या पोरांना अप्पांनी पाना धरायला शिकवलं तीच आता म्हणतात, "अप्पा, येवडं धुऊन द्या की." घरात हा विषय कुणी काढत नाही. अप्पाच कधीकधी आपणहून सांगतात, "धुन्यात माझा हात कुनी धरनार न्हाय." तेव्हा अव्वा, माझी आई, उठून चुलीकडं जाते.

लोकांचा सण दिवाळी, आमचा खंडेनवमी. त्या दिवशी अप्पा पेटी घरी आणतात. एकेक पाना धुऊन, पुसून, तेलाचा हात देऊन पाटावर मांडतात. त्यावर विभूती, हळदकुंकू, शेवंतीचं फूल. दारात मोटरसायकल धुऊन तिच्या चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी पुढं घेऊन ती फोडायची, म्हणजे वर्षभर चाक अडत नाही. त्या पाटावर बसायचा मान फक्त अप्पांच्या हत्यारांना. अव्वानं वीस वर्षं ज्या शिलाई मशीनवर निम्मं घर चालवलं, तिलासुद्धा पूजा मिळते ती तिकडं कोपऱ्यात, वेगळी.

सुट्टीत शाळा बंद, म्हणून झुरळ मी घरी आणून कपाटावर ठेवलं होतं. "कुणी हात लावू नका," एवढं सांगितलं होतं. नवमीच्या सकाळी मी ऋतुजाकडं गेले, तिच्या गच्चीवर सरावासाठी काळी पट्टी चिकटवायला. दुपारी घरी आले तर अप्पा दारातच उभे. आंघोळ केलेली, कपाळावर विभूती, आणि चेहऱ्यावर असं काही, जे मी त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"डोळं मिट," म्हणाले. "आता उगड."

पाटावर मधोमध, सगळ्या पान्यांच्या पुढं, झुरळ बसलं होतं. पुढच्या दोन गोल सेन्सरना अप्पांनी डोळे समजून हळदकुंकू लावलं होतं. वर शेवंतीचं फूल. चाकांखाली बाजारातून निवडून आणलेली चार बारकी कागदी लिंबं. आणि झुरळ चकचकीत होतं. नव्या भांड्यासारखं.

"लई धूळ हुती गं त्याच्यावर. साबन लावून ब्रशानं धुतलं, फटीफटीतनं. मग उनात ठिवलं आनि तेलाचा हात दिला. बग, कसं लकाकतंय."

बॅटरी जोडलेलीच होती. मी पुढं होऊन बटण दाबलं. दिवा लागला नाही. परत दाबलं. बोर्डाच्या झाकणाला आतून थेंब चिकटले होते, आणि अगरबत्तीच्या वासाखाली जळक्या वायरीचा वास येत होता. मला ओरडायचं होतं. घर डोक्यावर घ्यायचं होतं. कुणाची वस्तू, कुणाला विचारून, असं सगळं जिभेवर आलं होतं.

"चालव की," अप्पा म्हणाले. "लिंबू फोड. औंदा मान तुझ्या गाडीचा."

त्यांचा उजवा हात डाव्या हातात घट्ट धरलेला होता. थरथर दिसू नये म्हणून ते असा धरतात.

"स्पर्धेआधी बॅटरी उतरवायची नसते, अप्पा," मी म्हटलं.

"व्हय व्हय. मग हातानं ढकल."

मी ढकललं. लिंबू झुरळापेक्षा चिवट, ते कसलं फुटतंय. मग अप्पांनीच वरून तळहात ठेवला आणि दाब दिला. एक लिंबू फुटलं, रस उडाला, अप्पांनी हात जोडले. रस आत कुठं कुठं गेला असेल, याचा विचार मी केला नाही. जे मेलंय त्याला अजून काय होणार होतं?

स्वयंपाकघरात अव्वाला सांगितलं. ती पुरण वाटता वाटता थांबली. आम्ही घरात मराठी बोलतो, पण जिवावर आलं की अव्वाच्या तोंडून कन्नडच येतं. "ब्याड," ती म्हणाली, म्हणजे नको. "ब्याड, सिद्धव्वा. त्यास्नी सांगू नगं. सगळं गेलंय त्यांच्या हातातनं, धुनं तेवडं राहिलंय. ते बी गेलं तर मानूस उभा राहनार न्हाय." आणि मग, माझ्याकडं न बघता, "माजी मशीन कवा त्या पाटावर बसली न्हाय गं."

दसऱ्याला सात रस्ता चौकाजवळचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान बंद. शटरला झेंडूचं तोरण. झुरळ तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, काही झालं नाही. शिवयोगी सरांनी सोनं द्यायला आलेले पाहुणे घरात सोडून शाळा उघडली आणि कपाटातून एक जुना बोर्ड काढून दिला. आम्ही तो बसवला, प्रोग्राम चढवला. मोटरी गुरगुरल्या. ऋतुजानं मला मिठी मारली. मग पट्टीवर ठेवलं तर रेघ दिसेचना त्याला. पोटाखालचे सेन्सर गेले होते, आणि ते सोलापुरात त्या दिवशी कुणाकडेच मिळणार नव्हते.

ऋतुजाला मी खरं सांगितलं होतं. "मग काकांना सांग ना," ती म्हणाली. "चूक त्यांची आहे."

"नाही सांगता येत."

"तुझ्या अप्पांसाठी माझीपण मेहनत पाण्यात?" ती म्हणाली, आणि पाण्यात हा शब्द उच्चारल्यावर तिचं तिलाच रडू आलं.

स्पर्धेला अप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. दोरीच्या पलीकडं पहिल्या रांगेत उभे राहिले. आमचं नाव पुकारलं तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी बोटानं मला दाखवलं. मी ते पाहिलं. मी ते पाहायला नको होतं.

झुरळ रेघेवर ठेवलं. बटण दाबलं. ते हातभर पुढं गेलं, आणि वळण आलं तेव्हा वळण न घेता जागच्या जागी गोल फिरायला लागलं. गोल, गोल, गोल. मागून कुणीतरी हसलं. वेळ संपेपर्यंत ते फिरत राहिलं, कारण नियमानं मधे हात लावता येत नाही. माझ्या आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती लाज माझी नव्हती हे तर आणखीच जिव्हारी लागलं.

परीक्षक मॅडम चांगल्या होत्या. वाकून म्हणाल्या, "सरावात चालत होतं ना? मग काय झालं, बेटा?"

ऋतुजानं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

"जोडणी चुकली, मॅडम," मी म्हटलं. "माझ्याकडून."

दोरीपलीकडं अप्पांना सगळं ऐकू गेलं. बोट दाखवलेला त्यांचा हात खिशात गेला.

परतताना सात रस्त्याला त्यांनी मोटरसायकल थांबवली आणि मला चहा पाजला. स्वतः घेतला नाही, चारचौघांत त्यांच्या हातातली बशी वाजते. मग म्हणाले, "पूजेत काय कमी पडलं का गं?"

आत्ता, मला वाटलं. आत्ता सांगावं. एक वाक्य. एका वाक्यात पॉलिटेक्निक परत मिळेल, कारण हा माणूस न्यायाचा आहे, स्वतःची चूक कळली तर सही करील. आणि त्यानंतर गॅरेजात एकही पार्ट धुवायला हात लावणार नाही.

"नाही अप्पा," मी म्हटलं. "पूजा लई छान झाली होती."

त्यांनी मान हलवली. "मला बी तेच वाटतंय. पूजा नीट झाली, तरी बी चाललं न्हाय. म्हंजे देवाचीच मर्जी न्हाय. आपुन मानसांनी हट कशाला करायचा?"

मोटरसायकलच्या चाकाला नवमीच्या लिंबाची साल अजून चिकटलेली होती. ती बघत मी चहा संपवला.

जूनमध्ये अप्पांनी आर्टच्या फॉर्मवर सही केली. हात थरथरत होता, म्हणून मी कागद धरला. ऋतुजा डिप्लोमाला गेली. रस्त्यात भेटली तर बोलते, नाही असं नाही.

झुरळ आता देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतं. घरी कुणी आलं की अप्पा ते खाली काढून दाखवतात, "आमच्या सिद्धव्वानं केलंय." ज्या माणसानं घरात भंगार कधी ठेवलं नाही, त्यानं हे ठेवलंय. दर सोमवारी ते त्याला ओल्या फडक्यानं पुसतात, फटीफटीतनं, सावकाश. मी त्यांच्या हातात कोरडं फडकं देते. ते घेतात आणि बादलीत बुडवून पिळतात.