आर्मस्ट्राँगचा डावा हात

बॉक्सिंगचा रविवारचा सराव संपला की तळवलीतल्या त्या तळमजल्यावर एक खेळ चालायचा. मुलं हातावरच्या पट्ट्या सोडून घरी जायची आणि मागे तिघंच उरायचे. मारोती खिल्लारे, त्यांचे मित्र कमळाकर पाटील आणि मारोतींची मुलगी पायल.

खेळ साधा होता. वेल्टरवेट, म्हणजे सहासष्ट-सदुसष्ट किलोच्या गटातले, जगज्जेते घ्यायचे. एक एका काळातला, दुसरा दुसऱ्या काळातला. दोघांना त्यांच्या ऐन भरातल्या वर्षी रिंगणात उभं करायचं आणि लढवायचं. मारोती एक व्हायचे, कमळाकर दुसरे. पाण्यात चालल्यासारखे हळूहळू ठोसे टाकायचे, अंगाला लागू द्यायचे नाहीत. आपला माणूस हाच ठोसा का मारेल, हे समोरच्याला पटवून द्यावं लागे. पायल पंच. दहा वर्षांची असल्यापासून स्टीलच्या ताटलीवर चमचा आपटून राउंड सुरू करणं, संपवणं आणि शेवटी निकाल देणं तिच्याकडे होतं. आता ती बावीस वर्षांची होती आणि स्वतः वेल्टरवेटमध्ये जिल्ह्यापर्यंत खेळली होती, पण रविवारची ताटली तिने सोडली नव्हती.

मारोती मूळचे परभणीकडचे. सतरा वर्षं फौजेत होते, तिथेच बॉक्सिंग शिकले आणि तिथल्या वाचनालयातल्या जुन्या इंग्रजी मासिकांतून हे सगळे जगज्जेते त्यांना भेटले. निवृत्तीनंतर बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात क्लार्क म्हणून लागले, त्यालाही अठरा वर्षं झाली होती. कमळाकर तळवलीचेच. बापजाद्यांच्या शेतीवर शहर उभं राहिलं, त्यांच्या वाट्याला चार मजल्यांची बिल्डिंग आली, आणि तिच्या तळमजल्यावर त्यांनी गाड्या न लावता रिंगणाचे दोर बांधले.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी जोडी ठरली होती: १९३८ चा हेन्री आर्मस्ट्राँग विरुद्ध १९८१ चा शुगर रे लेनर्ड. पंधरा राउंड. मारोतींनी आर्मस्ट्राँग मागून घेतला. एकाच वेळी तीन वजनी गटांचे किताब बाळगलेला माणूस, समोरच्याच्या छातीत डोकं खुपसून दोन्ही हात थांबू न देणारा. मारोतींना तो फार आवडायचा.

पहिला राउंड नीट गेला. दुसऱ्यात पायलला काहीतरी खटकलं. पप्पांचा उजवा हात चालत होता. डावा कमरेपाशी लोंबत होता.

तिला वाटलं, दमले असतील. तिसऱ्या राउंडला तिने मुद्दाम सांगितलं की आर्मस्ट्राँगचा डावा दिसत नाहीये. मारोती म्हणाले, दिसत नाहीये म्हणजे काय, मारतोय की. आणि त्यांनी उजवा हात फिरवला. कमळाकरांनी पायलकडे पाहिलं. मारोती तसेच उभे राहिले, डोकं खाली, उजवा हात हवेत, चेहऱ्यावर पक्की खात्री की दोन्ही हात चालू आहेत.

पायलने वेळेआधीच ताटली वाजवली.

खरं तर तिला हे आधीपासून दिसत होतं. गेले दहा-बारा दिवस पप्पा सकाळी डोकं दुखतं म्हणत होते. दाराच्या डाव्या चौकटीला त्यांचा खांदा घासायचा. डाव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि ते चार पावलं पुढे गेलेले असायचे. आई, म्हणजे शर्मिला, त्यांना गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती; त्यांनी झोप कमी पडते म्हणून गोळ्या दिल्या. पायलने झोपेवर विश्वास ठेवला, कारण दुसरं कारण तिला माहीत होतं आणि त्याच्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती.

पाच आठवड्यांपूर्वी, एका सकाळी, पप्पा तिचे ठोसे झेलायला पॅड धरून उभे होते. ती वेगात होती. तिचा डाव्या हाताचा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, पॅडच्या वरून निसटला आणि थेट त्यांच्या कानशिलाच्या वर बसला. मारोती एका गुडघ्यावर आले. मग हसले, उठले, म्हणाले, असाच पाहिजे, फक्त मला नको. डोक्याला साधं टेंगूळही नव्हतं. घरी जाताना त्यांनी बजावलं की आईला सांगू नकोस, ती तुझी प्रॅक्टिस बंद करेल. पायलने सांगितलं नाही.

त्या रविवारी घरी आल्यावर ती मोबाइल घेऊन बाथरूममध्ये बसली. डोक्याला मार लागल्यावर काय होतं ते वाचत गेली. म्हाताऱ्या बॉक्सरांचा मेंदू कसा झिजतो, ते माणसं कशी विसरतात, हात कसे थरथरतात. आणि त्याहून वाईट, तिला पप्पांनीच सांगितलेली एक खरी गोष्ट आठवली. शुगर रे रॉबिन्सन, वेल्टरवेटचा सगळ्यांत मोठा जगज्जेता. १९४७ साली जिमी डॉइलशी लढत होती. आपल्या हातून डॉइल मरतोय असं स्वप्न रॉबिन्सनला आधी पडलं होतं. तो लढायला नको म्हणत होता, लोकांनी समजावून उभं केलं. त्याच्या डाव्या हुकने डॉइल पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. लहानपणी हे ऐकताना पायलला भारी वाटलं होतं. आता बादलीच्या काठावर बसून तिने मोबाइल बंद केला.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. सोमवारी सकाळी आई पोळ्या लाटत होती, पप्पा शर्टाची बटणं एक घर सोडून लावत होते. पायल दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि पाणी पिऊन परत आली.

दुपारी बाराला, पायल घराबाहेर असताना, तिच्या मोबाइलवर बेलापूरहून फोन आला. पप्पांच्या कार्यालयातले धर्मराज शिपाई होते. म्हणाले, साहेब सकाळपासून कामावर आलेले नाहीत, पण आता बघतो तर समोरच्या रस्त्यापलीकडे बाकावर बसलेत, बोलावलं तर येत नाहीत, तुम्ही या.

घणसोलीहून तिथे पोचेपर्यंत पायलने आईला फोन लावला नाही. काय सांगायचं तेच तिला कळत नव्हतं.

मारोती बाकावर ताठ बसले होते. समोर त्यांचं कार्यालय, वकिलांची, अर्जदारांची येजा चाललेली. मांडीवर डब्याची पिशवी. डाव्या पायात बूट नव्हता, मोजा मातीने काळा झाला होता. डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून थोडी लाळ आली होती. धर्मराज बाजूला उभे होते, हातात पाण्याची बाटली.

"पप्पा," पायल म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखलं असावं, कारण चेहरा सैल झाला. पण तिने दंडाला धरून उठवायचा प्रयत्न केला तसे ते आक्रसले आणि उजव्या हाताने तिला ढकललं. या वयातही त्या हातात जोर होता. धर्मराज पुढे आले तर त्यांच्यावरही मूठ उगारली. जाणारी माणसं थांबून बघायला लागली. पायलला वाटलं, आता हे इथेच पडतील, आणि मी काहीही करू शकणार नाही.

मग मारोतींनी हळूच, अगदी शहाण्यासारखं विचारलं, "घंटा झाली का?"

पायलच्या तोंडातून शब्द आले ते पंचाचे होते.

"झाली. राउंड संपला. कॉर्नरला चला."

ते उठले. तिने डावी बाजू आपल्या खांद्यावर घेतली. कॉर्नर कुठेय म्हणाले, तेव्हा तिने रिक्षा दाखवली. आत बसल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली, दोन राउंडांच्या मध्ये बॉक्सर टाकतो तशी. त्यांना झोपू द्यायचं नाही एवढंच तिला सुचत होतं. वाशीच्या हॉस्पिटलपर्यंत ती त्यांना एकेक विचारत राहिली: आर्मस्ट्राँग पुढे आहे की लेनर्ड, कट कुणाला लागलाय, पुढच्या राउंडला काय करणार. सुरुवातीला उत्तरं आली. सानपाड्याच्या पुढे येईनाशी झाली.

तातडीच्या विभागात विजयमाला नावाच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, दोन्ही हात समोर धरायला सांगितले, आणि लगेच सिटीस्कॅनला पाठवलं. पायलने हॉस्पिटलमधून फोन केला होता; तोवर शर्मिला आली. तिच्या हाताला अजून कणीक होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी घेतात का? शर्मिलाने सांगितलं, दोन वर्षांपासून हृदयासाठी रोज एक घेतात. मग त्यांनी विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार लागला होता का?

"नाही," शर्मिला म्हणाली. "काहीच नाही."

पायल भिंतीला टेकून उभी होती.

"लागला होता," ती म्हणाली. "मी मारला. पाच आठवडे झाले. पॅडवरून निसटला."

शर्मिलाने मान वळवली नाही. डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्या म्हणाल्या की कवटीच्या आत, मेंदूच्या वर रक्त साचलंय. हळूहळू, थेंबाथेंबाने साचलेलं, म्हणून इतके दिवस कळलं नाही. ते उजव्या बाजूला आहे म्हणून डावा हात-पाय गेलाय. दोन भोकं पाडून काढावं लागेल, आजच, आत्ताच. बहुतेक लोक यातून बरे होतात. पायलने बहुतेक हा शब्द ऐकला आणि पुढचं काही ऐकलं नाही. सही शर्मिलाने केली.

ऑपरेशन चालू असताना मायलेकी एकाच बाकावर बसल्या, मध्ये डब्याची पिशवी. पायल त्या बंद दाराकडे बघत होती आणि दार उघडू नये असं तिला वाटत होतं. बंद असेपर्यंत काही झालेलं नव्हतं.

"तू मारलंस त्याचं मला काही नाही," शर्मिला शेवटी म्हणाली. "मारायलाच शिकवलंय त्यांनी तुला. पण मी त्या माणसाला झोपेच्या गोळ्या देत होते, पायल. आणि तू बघत होतीस."

आई उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

कमळाकर आले ते धापा टाकत. शर्मिलाशी दोन शब्द बोलून पायलजवळ बसले. बराच वेळ गुडघ्यांवर हात घासत राहिले. पायलने त्यांना विचारलं, डॉइल गेल्यावर रॉबिन्सन परत रिंगणात कसा उतरला? तो उतरला आणि लढत राहिला हे तिला ठाऊक होतं. कसा, ते विचारत होती.

कमळाकरांनी विचार केला. "मना नाय म्हाईत, बाय," ते म्हणाले. "आमी त्याला शंभरदा खेलान घेतला. पन ह्या कदी इचारला नाय."

दार संध्याकाळी उघडलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, काळं रक्त होतं, निघालं, आता वाट बघू. ती वाट दोन दिवसांची होती. डोक्याला पट्टी, एक नळी बाहेर आलेली. प्रत्येक वेळी नर्स हाक मारायची, हात वर करा, आणि पायल दाराच्या काचेतून बघायची. पहिल्या दिवशी डावा हात चादरीवरून इंचभर उचलला गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच हाताने नाक खाजवलं. शर्मिला तेव्हा पहिल्यांदा रडली, आणि पायलचा हात तिने धरला, जरा जोरातच.

मारोतींना बेलापूरचं काहीच आठवत नव्हतं. बाक, बूट, रिक्षा, काही नाही. पायलने सगळं सांगितलं, हुकाचंही. ते म्हणाले, पॅड मी खाली घेतलं होतं, चूक माझी. शर्मिलाने तिथल्या तिथे सांगून टाकलं की चूक कुणाचीही असो, यापुढे हा माणूस पॅड धरणार नाही. डॉक्टरबाईंनीही तेच सांगितलं. मारोतींनी मान हलवली. त्या वर्षी पहिल्यांदाच ते एखाद्या गोष्टीला लगेच हो म्हणाले.

त्यांनी चूक स्वतःवर घेतली तरी पायलला बरं वाटलं नाही. ती सरावाला जायला लागली, पण बॅगसमोर ठीक असलेला हात माणसासमोर आखडायचा. हुक अर्ध्यातच थांबायचा. फेब्रुवारीत तिने दोनदा ठरवलं की बस, आता नाही. दोन्ही वेळा सकाळी पट्ट्या बांधून पुन्हा गेली.

मार्चमध्ये जिल्हा निवड होती. समोर कल्याणची निशिगंधा, तिच्याहून उंच, हात लांब. पहिला राउंड पायलने नुसता चुकवण्यात घालवला. दुसऱ्यात निशिगंधा आत आली, तिचा उजवा हात खाली राहिला, आणि पायलच्या विचाराआधी पायलचा डावा हुक गेला. पुरा गेला. हेडगार्डच्या बाजूला बसला. निशिगंधा दोरावर आदळली आणि खाली बसली.

पंचांनी पायलला कोपऱ्यात पाठवलं आणि मोजायला सुरुवात केली. एक. दोन. सभागृहात आरडाओरडा चालला होता, तिला फक्त आकडे ऐकू येत होते. तीन. निशिगंधाची नजर कुठेतरी वर होती. चार. पायलने दोर घट्ट धरला. ऊठ, ती मनात म्हणत होती, ऊठ बाई, हवं तर जिंक, पण ऊठ. पाचला निशिगंधा गुडघ्यावर आली. सहाला उभी राहिली. आठला तिने दोन्ही हात वर केले आणि पंचांच्या डोळ्यांत बघितलं. पंचांनी तिचे ग्लोव्हज पुसले, काहीतरी विचारलं, तिने नीट उत्तर दिलं.

लढत पुन्हा सुरू झाली. निशिगंधा चिडून आली होती, आणि उरलेला वेळ तिने पायलला चांगलंच बदडलं. पाच परीक्षकांचा निकाल तीन विरुद्ध दोन असा निशिगंधाकडे गेला. हात मिळवताना पायलने तिचं डोकं दोन्ही हातांत धरून विचारलं, दुखतंय का, चक्कर येतेय का, घरी कोणी आहे का बघायला. निशिगंधाला ते विचित्र वाटलं असावं. तरी ती म्हणाली, आई आलीये सोबत.

"तिला सांग," पायल म्हणाली. "कुठे लागलं, केव्हा लागलं, सगळं सांग. आजच."