रिकामं बंदर

दातांच्या डॉक्टरांनी आयुष्यभर लोकांना "अजिबात दुखणार नाही" असं सांगितलं होतं, म्हणजे थापा मारायचा त्यांना चांगला सराव होता. पण त्या रविवारी दुपारी मारायची थाप त्यांना जड जात होती. त्यांना खेळात हरायचं होतं, आणि समोरच्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता.

समोर बसला होता नकाशे. जमीनमोजणीच्या कचेरीत त्याने पस्तीस वर्षं नकाशे काढले, तेव्हापासून सगळं गाव त्याला नकाशेच म्हणे. खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक होतं आणि ती जाऊनही आता सहा वर्षं झाली होती. अलीकडे त्याच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धुकं उतरलं होतं. कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होई. मंगळवारी त्याची लेक येऊन त्याला आपल्याकडे नेणार होती, दोन दिवसांच्या वाटेवर. तेव्हा हा शेवटचा डाव, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांपैकी कुणीही तसं म्हटलं नव्हतं.

रविवारी दवाखाना बंद असे. बाहेरच्या खोलीतली जुनी मासिकं खुर्चीवर ढकलायची, टेबलावर पट पसरायचा, आणि तीन वाजता सुरू करायचं, असं अकरा वर्षं चाललं होतं. पट म्हणजे एक बेट, वर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं. त्यावर पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या: राखाडी त्या जर्मन, हिरवट त्या इटालियन. मोठ्या युद्धातले ते दिवस, जेव्हा काल एका ताटात जेवलेली ही दोन सैन्यं एका सकाळी एकमेकांवर उलटली. दहा खेळ्यांचा डाव, चार रविवार पुरणारा. दहावी खेळी संपताना बंदराच्या घरात ज्याची सोंगटी, तो जिंकला.

डॉक्टर पहिल्या दिवसापासून जर्मन आणि नकाशे इटालियन. जर्मनांकडे रणगाडे होते. इटालियनांकडे डोंगर, थकलेली माणसं आणि खेचरांवर लादलेल्या तोफा. पहिल्या डावात हरल्यावर नकाशेने छातीला हात लावून जाहीर केलं होतं, "मी जिंकेपर्यंत बाजू बदलायची नाही. आणि ज्या दिवशी माझी इटली जिंकेल, त्या दिवशी हा डबा कायमचा बंद." अकरा वर्षांत डबा काही बंद झाला नव्हता. बिचारा हरायचा, हसायचा, आणि पुन्हा सोंगट्या मांडायचा.

डॉक्टरांना आता तेच खुपत होतं. ज्या माणसाने, छापील पट घड्यांवर फाटला तेव्हा, एक आख्खा हिवाळा खपून सबंध बेट नव्याने हाताने काढलं, त्याने एकदाही न जिंकता जायचं? छापील पटावर नव्हतं ते सगळं त्याने त्यात घातलं होतं. डोंगराच्या पोटाशी एक विहीर, निळ्या खिडकीचं एक घर, धक्क्यावर वाळत टाकलेलं जाळं. नियमांच्या पुस्तकात त्या जाळ्याला काडीचं मोल नव्हतं. "मग काढलंस कशाला?" असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाला, "तिथे होतं म्हणून."

तर हरायचं. पण कसं? त्यांच्या खेळात हुकूम आधी लिहावा लागे. दोघांनी आपापल्या वहीत लपवून लिहायचं, वह्या मिटायच्या, मग एकदम उघडायच्या आणि चिमट्याने सोंगट्या हलवायच्या. चिमटा अर्थात दवाखान्यातलाच. वेडगळ हुकूम लिहावा तर नकाशेने तो लगेच ओळखला असता. आठव्या खेळीला डॉक्टरांनी मुद्दाम एक दुबळी तुकडी एकटीच पुढे पाठवली, तर फाशावर सहा पडले. पुन्हा टाकला, पुन्हा सहा. इटालियनांची आख्खी फळी मागे हटली.

"आज जोरात आहेस," नकाशे म्हणाला. त्याला आकडे सांगावे लागत, पण सोंगटी कुठे गेली ते सांगावं लागत नसे. चिमट्याचा आवाज कुठून आला त्यावरून त्याला ते कळे.

"नशीब," डॉक्टर कसनुसं हसले. गेल्या महिन्यात जिंकायचं होतं तेव्हा हेच फासे दर वेळी एकच देत होते. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, आणि दातांच्या डॉक्टरकडे असलं काही म्हणायचीही सोय नाही.

नवव्या खेळीचा हुकूम नकाशे लिहू लागला. मोठाली अक्षरं, एका पानावर चारच शब्द, मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. त्याला फार वेळ लागे. पडद्यातून पिवळं ऊन पटावर आलं होतं. आत डॉक्टरांची बायको कपाटं लावत होती, तिच्या बांगड्या मधूनच वाजत आणि थांबत. डॉक्टर बेटाकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला की बेटच जरा वर आलं, कोण जाणे.

ते विहिरीपाशी उभे होते. काठाचा दगड गार होता. एक इटालियन शिपाई खेचराला पाणी पाजत होता. त्याच्या चेहऱ्याच्या जागी हिरवट पुठ्ठा होता, पण हात खरे होते, नखांत माती होती. "बंदर कुठे?" डॉक्टरांनी विचारलं. त्याने हनुवटीने खाली दाखवलं. डॉक्टर पायवाटेने उतरू लागले. प्रत्येक सहाव्या पावलाला जमिनीवर एक बारीक काळी रेघ लागे, शाईने काढलेली, आणि ती ओलांडताना पायाला किंचित गुदगुली होई. वाटेत निळ्या खिडकीचं घर आलं. खिडकीत नकाशेची बायको बसली होती, लोकर विणत. तिने नेहमीसारखं विचारलं, "संपला का हो तुमचा डाव?" डॉक्टर म्हणाले, "होत आला, वहिनी." ती म्हणाली, "एवढी घाई कसली?" आणि टाके मोजू लागली. खाली समुद्र होता. त्याला लाटा नव्हत्या, नुसता निळा रंग होता, ब्रशाचे फटकारे दिसत होते. डॉक्टरांना एकाएकी इतकं बरं वाटलं, की इथून परत जाऊच नये.

"झालं," नकाशे म्हणाला, आणि बेट खाली बसलं.

डॉक्टरांनी घाईघाईने हुकूम लिहिला. नवव्या खेळीत कुणी फारसं हललं नाही. आता बंदरात इटालियनांची एकच तुकडी उरली होती, ती खेचरांवरच्या तोफांची, आणि तिन्ही बाजूंनी जर्मन रणगाडे. दहाव्या खेळीला डॉक्टरांनी नुसतं "पुढे" लिहिलं असतं तरी बंदर हातात होतं. त्यांनी डाव्या हाताने वही झाकली आणि लिहिलं: सगळे रणगाडे मागे, डोंगराकडे. कारण विचारलंच तर उत्तरेकडून हल्ल्याची भीती वाटली म्हणून सांगायचं. साठी उलटलेला माणूस, आणि परीक्षेत चिठ्ठी लपवल्यासारखे तळहात ओले.

"उघड," नकाशे म्हणाला.

वह्या उघडल्या. डॉक्टरांनी आपला हुकूम मोठ्याने वाचला आणि मग नकाशेचं पान वाचलं. मोठाली, वाकडी अक्षरं होती: बंदर सोडा. विहिरीकडे.

डॉक्टरांनी चिमटा उचलला. रणगाडे एकेक करून डोंगराकडे गेले. खेचरं विहिरीपाशी गेली. बंदराचं घर मोकळं झालं. नुसतं जाळं आणि ऊन. दोन सैन्यं डोंगरावर पाठमोरी, आणि ज्यासाठी चार रविवार एवढी माणसं पडली ते बंदर कुणालाच नको होतं.

"तू का सोडलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"आधी तू सांग. रणगाडे घेऊन पळतोस? अकरा वर्षांत कधी एक पाऊल मागे घेतलं नाहीस."

"तू जिंकावंस म्हणून!" डॉक्टर ओरडलेच. "एकदा तरी. जाण्याआधी."

नकाशेने चेहरा बाजूला वळवला, म्हणजे त्याला डॉक्टर दिसू लागले. "अरे शहाण्या, मी जिंकलो की डबा बंद. माझीच अट ना? मग पुढल्या रविवारी मी तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

"म्हणजे तू मुद्दाम..."

"नेहमी नाही. बहुतेक वेळा खराखुरा हरलो, तुझी शपथ. पण तीनदा बंदर माझ्या हातात होतं. ती तुझी प्रसिद्ध पावसाळ्यातली चढाई, जिची गोष्ट तू दाढ उपटताना लोकांना ऐकवतोस..."

"ती सुद्धा?"

"ती सुद्धा."

डॉक्टरांना राग आला, अगदी खराखुरा. सात वर्षं त्या चढाईवर ते फुशारकी मारत आले होते. तोंड उघडं ठेवून खुर्चीत पडलेल्या माणसांना काय, ऐकावंच लागतं. मग त्यांना हसू आलं. चोरावर मोर म्हणतात तो हा, समोर बसलेला, डोळ्यांत धुकं घेऊन.

"बंदरात कुणीच नसलं तर नियम काय?" नकाशेने विचारलं.

डॉक्टरांनी पुस्तक चाळलं. शेवटच्या पानावर एक ओळ होती. "निकाल नाही. पुन्हा खेळा."

"मग झालं तर," नकाशे म्हणाला, आणि चाचपत आपली वही उचलून त्याने काखेत धरली.

मंगळवारी लेक त्याला घेऊन गेली. डॉक्टर निरोप द्यायला गेले, पिशव्या उचलल्या, प्रवासात दातांची काळजी घे असं काहीतरी निरर्थक बोलले आणि घरी आले. पट त्यांनी उचलला नव्हता. सोमवारी आलेल्या पेशंटांना त्यांनी टेबलाला हात लावू दिला नव्हता. बायको म्हणाली, "अहो, आता आवरा ते," पण आवाजात जोर नव्हता.

रविवारी तीन वाजता फोन वाजला.

"मांडलास का?" नकाशे म्हणाला.

"तुला दिसणार कसं?"

"मी काढलंय ते बेट. घरन् घर पाठ आहे. आणि खरं सांगू, डोळे मिटले की मधलं धुकंही नसतं." मग तो म्हणाला, "आधी तुझा हुकूम लिही. मी माझा तोंडी सांगेन. तू लिहिलंस एवढं म्हटलंस की माझा विश्वास."

डॉक्टरांनी सोंगट्या पहिल्या जागी मांडल्या. वही उघडली. आता फसवणं फार सोपं होतं. पलीकडे बघणारं कुणी नव्हतं. त्यांनी पेन टेकवलं आणि लिहिलं.

"लिहिलं."

"माझी माणसं बंदरातच राहतील. तू?"

"सगळे रणगाडे," डॉक्टरांनी वाचलं, "सरळ बंदरावर. एकही मागे नाही."

फोनमध्ये नकाशेने समाधानाने श्वास सोडला.

"शाब्बास," तो म्हणाला. "टाक फासा."