दाढीवाली संत बार्ब

ओनोरीनबाईंच्या घराण्याचा सगळा मान एका दगडी मुंडक्यात होता. तळघरात खारवलेल्या मांसाच्या पिंपावर वजन म्हणून ते पालथं ठेवलेलं असे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत खापरपणजोबांनी चर्चच्या दारावरच्या संत बार्बचं डोकं हातोड्यानं उडवलं, ही हकिगत बाई दर चौदा जुलैच्या राष्ट्रीय सणाला, पहिला पेला रिकामा होताच, गावाला ऐकवत.

यंदा चर्चची डागडुजी निघाली. ओदील नावाची मूर्तिकार शहरातून आली.

"नवं डोकं कशाला घडवायचं?" पाद्री म्हणाले. "जुनं यांच्या पिंपावर आहे की."

"फादर, ते प्रजासत्ताकाचं आहे," ओनोरीनबाई फणकारल्या.

"द्या हो बाई," महापौर कुर्तियू म्हणाले. "दुसरा धोंडा मी देतो तुम्हाला."

"कुठला? तुमच्या खांद्यावरचा?"

अखेर ओदीलनं युक्ती केली. "खाली तुमच्या खापरपणजोबांचं नाव कोरते." पाद्रींना ठसका लागला, पण बाई विरघळल्या.

रविवारी त्यांनी मुंडकं ॲप्रनखाली झाकून ढकलगाडीतून चौकात आणलं. अर्धं गाव जमलं होतं. ओदीलनं ब्रशनं घासायला घेतलं. मिठाचा थर सुटला, कपाळ दिसलं, नाक दिसलं आणि मग हनुवटीखाली चांगली भरघोस दाढी निघाली.

"आपली बार्ब कुमारिका होती ना?" महापौरांनी हळूच विचारलं.

"हा बिशप आहे," ओदील म्हणाली. "पलीकडच्या मोरिल गावात एक बिनडोक्याचा उभा आहे."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणजे खापरपणजोबांनी क्रांती केली, पण शेजारच्या गावात जाऊन!

"आपल्या गावात कशी करणार?" पाद्री समजुतीनं म्हणाले. "त्यांची बायको याच चर्चमध्ये यायची. घरात घेतलं नसतं."

चौक हसून लोळला. बाई मात्र हसल्या नाहीत. "मग आमची बार्ब कुणी फोडली?" त्या कडाडल्या, आणि ढकलगाडी तशीच मोरिलच्या रस्त्याला लावली. मागून गाव.

मोरिलमध्ये फिर्मँ नावाचे म्हातारबुवा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून एका बाईचं दगडी डोकं टेकवलेलं. नाक चोचींनी पार झिजवलेलं.

"अहो, हे कुठून आणलंत?" ओनोरीनबाईंनी विचारलं.

"आणलं नाही, वारसा आहे," फिर्मँ छाती फुगवून म्हणाले. "आमच्या पूर्वजानं क्रांतीत आमच्याच चर्चवरच्या बिशपच्या शेजारची मूर्ती फोडून..." एवढ्यात त्यांना ढकलगाडीतली दाढी दिसली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग बाईंना हसू आवरेना. हसता हसता त्या खुराड्याच्या कट्ट्यावरच बसल्या. फिर्मँनी आतून वाइन आणली.

दोन्ही डोकी आपापल्या धडांवर बसली. महापौरांना बार्बला नवं नाक हवं होतं.

"हात लावायचा नाही," ओनोरीनबाईंनी ओदीलला बजावलं. "राजे गेले, सम्राट गेले, तेव्हा ती कोंबड्या राखत होती. दिसू दे लोकांना."

बार्ब आजही नकटी आहे.