मान

"परत मागचं डोकं धरलंय?" न्हाव्याने विचारलं.

खुर्चीतल्या रंगाऱ्याने हुंकार दिला. शाळेची छतं रंगवायचं काम चालू होतं. दिवसभर मान वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "स्नायू आखडलेत. शेक घ्या, मानेला आराम द्या." शेकाने बरं वाटायचं, आरामाला मात्र सवड नव्हती.

"मोडून देऊ मान?"

"दे बाबा, एकदाची सोडव."

कडकन आवाज झाला. दोघे लहानपणापासूनचे मित्र, दोघेही हसले.

दोन दिवसांनी दुखणं परतलं, पण हे निराळंच होतं. मानेच्या उजव्या अंगाने डोक्यात चढणारं, सुरी फिरवल्यासारखं. शेकाला दाद देईना. जेवताना बायको म्हणाली, "अहो, जीभ का अडखळतेय तुमची?"

"झोप झाली नाहीये. उगाच काहीतरी मनात आणू नकोस."

सकाळी तो परांचीवर चढला आणि एका पंख्याच्या जागी त्याला दोन दिसले. हात न्यावा तिकडे जाईना. खाली रंग कालवणारा मेहुणा वर बघतच राहिला.

"दाजी, बसा. आहे तिथेच बसा. मी येतो वर."

इस्पितळात डॉक्टरांनी बायकोला समजावलं, "मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर गेलीय. तिथली गुठळी मेंदूकडे सरकली. रक्त पातळ ठेवायची औषधं चालू केलीत. मानेला झटका वगैरे बसला होता का?"

बायकोने दाराकडे पाहिलं. भेटायला आलेला न्हावी तिथे उभा होता.

"नुसतं वर बघूनही होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. "नक्की सांगता येत नाही."

न्हावी आत न येताच निघून गेला.

रंगारी वाचला. भिंतीला धरून चालू लागला. परांची मात्र कायमची सुटली. घरी दाढी वाढत चालली, तेव्हा बायकोने विचारलं, "दुसऱ्या कुणाला बोलावू?"

"त्यालाच... बोलाव."

न्हावी आला. बायको हळूच म्हणाली, "जपून हं, भाऊजी. जरा कापलं तरी रक्त थांबत नाही त्यांचं."

त्याने साबण लावला, वस्तरा उघडला आणि तसाच उभा राहिला.

"मला नाही जमणार रे आज."

"घाई... नाही," रंगारी म्हणाला. त्याने सावकाश हनुवटी वर केली, गळा मित्रापुढे केला आणि डोळे मिटले.