बाकाखालचा फोम

मित्रांनो, नाशिकजवळच्या एका धरणाच्या काठाला बाभळीशी बांधलेली पत्र्याची जुनी होडी दिसते, ती मी. सिन्नरच्या एका वर्कशॉपात माझा जन्म झाला. तेव्हापासून गोटीराम आणि नवसाबाई हे नवरा-बायको माझ्यात बसून मासे धरतात. लोक माझं कौतुक करायचे, पण मला मनातून धास्ती असायची. आत पाणी भरलं, तर मी तळाशी जाणार. आणि नवसाबाईंना पोहता येत नव्हतं.

मी बुडू नये म्हणून आत काहीतरी तरंगणारं भरावं, असा विषय मागच्या उन्हाळ्यात त्या दोघांनीच काढला.

"थर्माकोल भरू. हलका हाय," गोटीराम म्हणाले.

"त्याचे दाणे सुटत्यात. पाणीबी पितो," नवसाबाई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी पाणी न शोषणारा, पॅकिंगचा जाड फोम आणला. गोटीरामांनी तो माझ्या तळाशी पसरून पट्ट्यांनी बांधला. मग काठाजवळच्या उथळ पाण्यात मला मुद्दाम भरून पाहिलं. मी बुडाले नाही, पण चक्क पालथी झाले. फोम खालून वर यायला धडपडत होता. मला फार लाज वाटली.

"आता वर बांधू. बाकाखाली, दोन्ही कडंला," नवसाबाई म्हणाल्या.

गोटीरामांनी सगळा फोम सोडवला, कापला, बाकांखाली घट्ट बसवला आणि माझ्या दोन्ही कडांना आतून लाकडी पट्ट्यांनी आवळला. पुन्हा मला भरलं. या वेळी मी काठोकाठ भरूनही सरळ उभी राहिले.

श्रावणात एका दुपारी आम्ही मध्यावर असताना वारा सुटला. एक लाट आत आली, तिच्यामागे दुसरी. मी भरले. जाळं वाहून गेलं.

"बाक धर. सोडू नको," गोटीराम म्हणाले.

"धरलाय."

पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं, पण मी त्याखाली गेले नाही. वाऱ्यानेच आम्हाला हळूहळू काठाला लावलं. नवसाबाई चिखलात बसल्या आणि पदर पिळू लागल्या. मग म्हणाल्या, "जाळं गेलं." आणि दोघंही हसायला लागले. मित्रांनो, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

तुम्हीही कधी होडीत बसाल. बसण्याआधी बाकाखाली एकदा हात घालून पाहा. फोम फाटला असेल, सुटला असेल, तर नावाड्याला सांगा. आधी फोम नीट करा म्हणावं, आमचं रंगकाम राहिलं तरी चालेल.