जांभळीचा पाला

"आली बघ तुझी डाक्टरीण. खा आता गप तुरट."

रखमा हे चंद्रीच्या कानात पुटपुटली. पण पद्मजा तेव्हा चंद्रीच्या दुसऱ्या कानापाशीच वाकून पिशवीची गाठ सोडत होती. गायीचं डोकं म्हणजे काही भिंत नव्हे. पद्मजानं ऐकलं, आणि ऐकलंच नाही असं केलं. या वयात ते तिला बरं जमायला लागलं होतं.

दादरच्या एका देवळाबाहेर रखमा रोज गाय घेऊन बसते. लोक दर्शन घेऊन येतात, तिच्याकडून गवताची पेंडी घेऊन गायीला घालतात, नमस्कार करतात. तेवढ्यावर थांबतील तर ना! कुणी भिजवलेली चणाडाळ आणतं, कुणी बुंदीचे लाडू. पुण्य त्यांना, पोटफुगी चंद्रीला. होळीच्या सुमारास तिची डावी कूस अशी फुगली, की टिचकी मारली तर नगारा वाजावा.

पद्मजा तेव्हा तिथंच उभी होती. घरी येऊन तिनं मोबाईल उघडला. शाळेत विज्ञानात काठावर पास झालेली बाई, चष्मा पुसून पुसून इंग्रजी शोधनिबंध वाचत बसली. गायीच्या कोठीपोटात कोट्यवधी जंतू चारा आंबवतात. डाळ, लाडू झटकन आंबतात, फेस धरतो, वारा अडकतो. काही पानांत टॅनिन असतं, चहा जास्त उकळला की जिभेला धरतं ते. ते थोडं पोटात गेलं की जंतूंना आळा बसतो, फेस कमी होतो.

शिवाजी पार्कात पालिकेची माणसं जांभळीच्या फांद्या छाटत होती. तिनं पिशवीभर पाला आणला. चंद्रीनं खाल्ला. पुढे पोट फुगलं नाही. पाल्यामुळे, की लाडूवाले सुट्टीत गावी गेल्यामुळे, देव जाणे; श्रेय पद्मजानं घेतलं.

मग ती सकाळबरोबर दुपारीही यायला लागली. मग संध्याकाळीसुद्धा, मोठी पिशवी घेऊन. रखमाशेजारी पालथ्या क्रेटवर बसायची. रखमा डिलाईल रोडच्या चाळीतली. पेंड्या बांधता बांधता अख्ख्या चाळीची भांडणं ऐकवायची. बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, "केवढी सेवा करता हो!" मुलगी अवनी वडाळ्याहून फोनवर म्हणाली, "छान ना आई, तुझा वेळ जातो." वडाळा म्हणजे काही परदेश नव्हे. पण वडील गेल्यापासून अवनी फोनच करते. आणि पद्मजा तिला सांगते, "मला तरी कुठे सवड आहे? मला गाय आहे."

गेल्या आठवड्यात चंद्रीनं गवत सोडलं. रवंथ करेना. शेण खड्यांसारखं. रखमाला गाय भाड्यानं देणारा मालक फोनवर म्हणाला, "सुधारली नाही तर शहापूरच्या गोठ्यात नेतो. दुसरी गाय देणार नाही." म्हणजे रखमाचं बसणंही संपलं.

परळच्या जनावरांच्या दवाखान्यातून ऋता नावाची तरुण डॉक्टर आली. चंद्रीच्या डाव्या कुशीत मूठ दाबून बराच वेळ थांबली.

"पोट हलतच नाहीये. काय खाते ही?"

"लोक घालतात कायबाय," रखमा म्हणाली.

"तुरट पाला? जांभूळ, बाभूळ?"

पद्मजानं पिशवी पाठीमागे धरली. रखमानं तिच्याकडे पाहिलंही नाही. "झाडाखाली घालते तोंड कधीतरी."

तिथं झाड नव्हतं. ऋतानं एकदा वर बघितलं.

"थोडा पाला ठीक. पिशव्या भरून गेला तर टॅनिन चाऱ्यातली प्रथिनं धरून ठेवतं. जंतूंना काही मिळत नाही. ते उपाशी, म्हणून ही उपाशी, पोट भरलेलं असून. पाला आजपासून बंद. मी धडधाकट गायीच्या कोठीपोटातलं पाणी आणून पाजते, नवे जंतू वस्तीला येतील. वाचेल बहुतेक."

ऋता गेल्यावर पद्मजानं पाठीमागची पिशवी पुढे घेतली.

"रखमाबाई, खोटं कशाला बोललात?"

"मग काय तुमचं नाव सांगू? मालकानं गायीजवळ फिरकू दिलं असतं तुम्हाला?"

"तिला नको होता पाला. तुम्हाला दिसत असेल ना?"

"दिसत होतं तर. चार दिस तोंड फिरवत होती. मीच दाबून भरवत होते, तुम्ही गेल्यावर, पिशवी रिकामी दिसावी म्हणून."

"अहो, पण का? मला एक शब्द बोलायचा होतात!"

रखमा बांधलेली पेंडी सोडून पुन्हा बांधायला लागली. "तुम्ही आपली सेवा करता..."

"सेवेचं सोडा हो."

रखमानं पेंडी खाली ठेवली.

"पाला नको म्हटलं असतं तर तुम्ही आला नसता, वहिनी. तुमच्या घरी बोलायला कोण नाय. माझ्या पण नाय."